ग्रीनवेचा 'द कुक, द थीफ...' पाहिला, आणि आता आवडला म्हणायची लाज वाटतेय

निमूट

सगळ्यात आधी, स्पॉयलर आहेत, शेवटासकट. ज्यांना कोरं राहून पाहायचाय त्यांनी इथूनच मागे फिरा, आणि जेवण व्हायचं असेल तर नक्कीच फिरा.

परवा रात्री पीटर ग्रीनवेचा 'द कुक, द थीफ, हिज वाइफ अँड हर लव्हर' (१९८९) पाहिला. नाव बरीच वर्षं ऐकून होते, 'एकदा बघच' आणि 'चुकूनही बघू नकोस' हे दोन्ही सल्ले एकाच मैत्रिणीने दिले होते, तेही एकाच फोनवर. नवरा सोबत बसला होता. पडदा उघडतो (अक्षरशः नाटकासारखा पडदा उघडतो), रात्रीचं पार्किंग, आणि तिथे एक गुंडांचा म्होरक्या एका माणसाला उघडा करून त्याला कुत्र्याची घाण फासतोय. नवरा उठला, "तुझं चालू दे" म्हणाला आणि आतल्या खोलीत जाऊन आडवा झाला. मी का नाही उठले याचं उत्तर शोधायला हा धागा काढलाय म्हणा.

गोष्ट थोडक्यात. अल्बर्ट स्पिका हा चोर, गुंड, पैसेवाला. एक महागडं फ्रेंच रेस्टॉरंट त्याने हातात घेतलंय, रोज रात्री टोळकं घेऊन तिथे जेवतो आणि जेवताना एक मिनिट तोंड बंद ठेवत नाही. शेजारी बायको जॉर्जिना, जिला तो सगळ्यांदेखत मारतो, घालूनपाडून बोलतो. पलीकडच्या टेबलावर एक शांत माणूस पुस्तक वाचत जेवतोय, मायकेल. या दोघांचं जमतं, एक शब्द न बोलता, आधी टॉयलेटमध्ये आणि मग स्वयंपाकघराच्या कोठारांत, आणि आचारी त्यांना लपवतो. मग व्हायचं ते होतं. अल्बर्टला कळतं, तो मायकेलला त्याच्याच आवडत्या पुस्तकाची पानं घशात कोंबून मारतो. आणि जॉर्जिना आचाऱ्याला सांगते की हा शिजव. शेवटी ते अल्बर्टच्या पुढ्यात वाढलं जातं.

आता हे वाचून कोणीही म्हणेल की बाई, तुला यात आवडलं काय. सांगते. स्वयंपाकघर हिरवं, जेवणाचा हॉल लालभडक, टॉयलेट पांढरंशुभ्र, बाहेरचं पार्किंग निळं. कॅमेरा एका बाजूने दुसऱ्या बाजूला नुसता सरकत राहतो, भिंती ओलांडून, बाहुलीघर मधून कापल्यावर दिसेल तसा. आणि जॉर्जिना हॉलमधून टॉयलेटमध्ये जाते तेव्हा तिचा लाल ड्रेस दारातून पलीकडे पांढरा झालेला असतो. परत आली की लाल. कोणी काही बोलत नाही, कथेत त्याचं काही कारण नाही, पण पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी मागे करून परत पाहिलं, आणि अजून एकदा. तिला नवरा सोडून जाता येत नाहीये, पण खोली बदलली की तीही बदलते, हे मला त्या कपड्यावरूनच कळलं, संवादातून नाही.

आणि माझा प्रॉब्लेम इथेच सुरू होतो. मायकेल मरून पडलाय तो सीन पुस्तकांच्या गोदामात आहे, सगळं तपकिरी-सोनेरी, जुन्या तैलचित्रासारखं. माझ्या मनात पहिला विचार आला, काय फ्रेम आहे! आणि मग एका क्षणाने कळलं की मी तोंडात कागद कोंबलेल्या माणसाकडे बघून हे म्हणतेय. म्हणजे मला फसवलं का याने? की मलाच पकडलं?

तुम्हाला कसा वाटला, खरं खरं सांगा. 'मास्टरपीस' म्हणून मोकळे होऊ नका प्लीज.

पॉपकॉर्न_खाऊ

थांबा थांबा थांबा. स्पिका म्हणजे मायकेल गॅम्बन ना? म्हणजे हॅरी पॉटरमधला आपला डम्बलडोर??? मी लहानपणापासून ज्या माणसाला आजोबा मानलं तो कुत्र्याची घाण फासतो? बघतोच आज.

निमूट

@पॉपकॉर्न_खाऊ तोच. आणि जॉर्जिना म्हणजे हेलन मिरेन, टोळक्यात कोवळा टिम रॉथ पण आहे. बघ, पण नंतर मला शिव्या घालू नकोस.

खडूस_नं_१

मी हा बघितलाय आणि पूर्ण बघितलाय, त्यामुळे 'अर्धवट बघून बोलतो' म्हणायची सोय नाही. माझं मत सरळ आहे, घाण ती घाण, मखमलीत गुंडाळली म्हणून तिचा वास जात नाही. उद्या मी उकिरड्याचा फोटो छान लाल लाइट लावून काढला तर तुम्ही त्यालाही 'व्हिज्युअली स्टनिंग' म्हणणार का? दोन तासांत एक माणूस असा नाही ज्याच्याशी आपलं काही जुळावं. तो मायकेल तर पुस्तक धरून बसलेला पुतळा आहे. असल्या सिनेमांचं एक असतं बघा, नाही आवडला म्हटलं की 'तुला कळला नाही', आणि आवडला म्हणणाऱ्याला कोणी विचारत नाही की तुला काय कळलं.

जुनं_रीळ

मी हा नव्वदीच्या सुरुवातीला एका फिल्म सोसायटीत पाहिला, फोल्डिंगच्या खुर्च्यांवर. तुमचे यजमान उठले तसेच आमच्यातलेही उठले. त्या खुर्च्या मिटताना 'खट्' असा आवाज व्हायचा, त्यामुळे मला या सिनेमाचं पार्श्वसंगीत म्हणजे मायकेल नायमन अधिक ते खट् खट् असंच आठवतं. पहिल्या दहा मिनिटांत चार, त्या लहान मुलाच्या सीनला तीन, आणि एक गृहस्थ अगदी शेवटच्या ताटाला उठले, इतका वेळ बसल्यावर! मला त्यांचं फार वाईट वाटलं होतं.

निमूटताई, तुम्ही 'जुन्या तैलचित्रासारखं' म्हणालात ते नुसतं 'सारखं' नाहीये. अल्बर्टच्या टेबलामागे भिंतभर जे चित्र आहे ते फ्रान्स हाल्सचं आहे, १६१६ चं, सेंट जॉर्ज नागरी पलटणीच्या अधिकाऱ्यांची मेजवानी. मूळ चित्र हार्लेमला आहे. नीट बघा, त्या चित्रातले अधिकारी छातीवरून पट्टे घेऊन बसलेत आणि खाली अल्बर्टची गुंडमंडळीही तसेच पट्टे घालून बसलीत. वर प्रतिष्ठित, खाली चोर, टेबल तेच. रेस्टॉरंटचं नाव 'ल ऑलांदे', म्हणजे डच माणूस. ग्रीनवे मूळचा चित्रकलेचा विद्यार्थी, सिनेमा म्हणजे नुसती चित्रं जोडलेली गोष्ट झालाय अशी त्याची कायमची तक्रार. आणि छायालेखक साशा व्हिएर्नी, ज्याने १९६१ चा 'लास्ट इयर ॲट मारियनबाद' शूट केला होता. तिथेही कॅमेरा असाच लांबच लांब सरकत जातो, माणसं पुतळ्यांसारखी उभी असतात. फक्त तिथे सगळं काळं-पांढरं.

खडूसराव, तुमच्या उकिरड्याबद्दल. हा सिनेमा आला तेव्हा इंग्लंडात थॅचरबाईंचं राज्य होतं, १९७९ पासून. ज्याच्याकडे पैसा त्याने काहीही ओरबाडावं, आणि बाकीच्यांनी टेबलाभोवती बसून हसावं, असा तो काळ, निदान ग्रीनवेच्या डोळ्यांना तसा दिसलेला. त्या टेबलावरचे बाकीचे चेहरे बघा एकदा. अल्बर्टपेक्षा मला ते जास्त भीतीदायक वाटतात. तो मारतो तेव्हा ते खात असतात.

खडूस_नं_१

थॅचरबाईंवर राग होता तर पेपरात लेख लिहायचा होता.

दिवाबत्ती

मी सिनेमातला जाणकार वगैरे नाही, हौशी नाटकांना लाइट करतो, त्यामुळे फक्त माझ्या खात्यापुरतं बोलतो. तो ड्रेस बदलण्याचा प्रकार मी जवळजवळ पंधरा वेळा मागेपुढे करून पाहिलाय (बायको म्हणाली यापेक्षा सिनेमा पूर्ण बघ).

पहिल्यांदा मला वाटलं की लाइटचा खेळ असणार. पांढरा ड्रेस घालायचा, लाल खोलीत लाल जिलेटिन लावलेले लाइट, पांढऱ्या खोलीत साधे, झालं काम. पण नाही हो. लाल लाइटमध्ये पांढरा ड्रेस लाल दिसेल हे खरं, पण मग चेहराही लाल दिसणार, हात लाल, समोरच्या माणसाचा पांढरा शर्ट लाल. इथे त्वचेचा रंग बऱ्यापैकी त्वचेसारखा राहतो. आणि उलटं केलं, म्हणजे हिरवा कपडा लाल लाइटखाली आणला, तर तो लाल होत नाही, काळाकुट्ट पडतो. हे मी एका प्रयोगात स्वतः भोगलंय. नायिकेची छान पोपटी साडी, दिग्दर्शकाला खुनाच्या प्रवेशाला फुल लाल हवा, आणि लाइट पडल्याबरोबर ती साडी डांबरासारखी दिसायला लागली, मागून कोणीतरी म्हणालं "हिने कपडे कधी बदलले?" तेव्हापासून मी कपडेपटाला आधी विचारतो.

म्हणून सांगतो, हे लाइटचं काम नाही, कपडेच वेगवेगळे शिवलेत, एकच कट, एकच कापड, रंग वेगळे. कपडे जाँ-पॉल गोतिएचे आहेत, म्हणजे १९९० च्या टूरमध्ये मॅडोनाचा तो शंकूवाला पोशाख करणारा. मग कॅमेरा भिंतीच्या जाडीतून सरकताना जो काळा पट्टा येतो तिथे कट लपवायचा. ऐकायला सोपं आहे, पण दोन्ही बाजूंना चालण्याचा वेग, हातवारे, केसांची बट सगळं जुळवायचं म्हणजे काय काम आहे ते करणाऱ्यालाच माहीत.

सिनेमा आवडला का? माहीत नाही. पण इतकं काम करणारा माणूस नुसता किळस आणायला बसला असेल असं माझं मन मानत नाही.

निमूट

@दिवाबत्ती वा! पोपटी साडीचं ऐकून हसू आलं. मी आता तो काळा पट्टा बघायला परत जाणार.

दोन_घडीचा_डाव

माझं कोणी रागावू नका पण मी बंद केला. तो जो लहान मुलगा आहे ना, पप, स्वयंपाकघरात भांडी घासता घासता गातो, त्याचा आवाज ऐकून मी म्हटलं चला या सिनेमात एक तरी निर्मळ गोष्ट आहे. आणि मग त्या पोराला पकडून बटणं खायला लावतात. बास. मी लॅपटॉप मिटला आणि आत जाऊन झोपलेल्या लेकाच्या अंगावरचं पांघरूण उगाच सारखं केलं. मला कळतं की ते खोटं आहे, कळतं की तो मुलगा नट आहे, सीन संपल्यावर कोणीतरी त्याला पाणी दिलं असेल. तरी पण. मोठ्या माणसांनी एकमेकांचं काय ते करावं. कलेसाठी पोर वापरायचं नाही, एवढी एक रेघ मला ठेवू द्या.

ठसका

@दोन_घडीचा_डाव तुझी रेघ ठेव गं, कोणी पुसत नाहीये. माझी पण तिथेच होती, मी डोळ्यांवर हात ठेवून फक्त ऐकलं, आणि ऐकणं जास्त वाईट होतं.

पण मला निमूटच्या प्रश्नावर बोलायचंय. रंगांबद्दल सगळे बोलतायत, जॉर्जिनाबद्दल कोणी बोलेना. मायकेलच्या प्रेताशेजारी पडून ती जे बोलत राहते ते आठवतंय का? सिनेमाभर अल्बर्ट बडबडतोय, तिला वाक्य पुरं करू देत नाही, आणि तिला सलग बोलायला मिळतं ते कुणासमोर, तर मेलेल्या माणसासमोर. नवऱ्याने काय काय केलं ते सगळं ती सांगते, रडत नाही, यादी वाचल्यासारखं सांगते. त्या सीनमध्ये कॅमेरा हलत नाही म्हटलं तरी चालेल इतका शांत आहे, रंगांची मस्ती नाही, आणि मला तोच सगळ्यात जड गेला. ज्यांना वाटतं की ग्रीनवे फक्त सजावट करतो त्यांनी हा सीन परत बघावा.

दुसरं म्हणजे नग्नता. एवढी नग्नता असून मला एकदाही असं वाटलं नाही की कॅमेरा तिला चाटतोय. मिरेन तेव्हा चाळिशी ओलांडलेली, मायकेलचं काम करणारा ॲलन हॉवर्ड तिच्याहून मोठा, दोघांची शरीरं साधी, वापरातली, आणि दोघंही सारखेच उघडे. पाठलाग चुकवायला ते त्याच अवस्थेत सडक्या मांसाच्या गाडीत चढतात तेव्हा तर ते आदम-ईव्हच वाटतात, फक्त स्वर्गाऐवजी किडे.

माझी तक्रार वेगळीच आहे आणि ती @जुनं_रीळ काकांना विचारायचीय. अल्बर्टला फ्रेंच पदार्थांचे उच्चार येत नाहीत, तो मेन्यू वाचताना अडखळतो, त्यावर सिनेमा हसतो. मायकेल पुस्तक वाचतो, हळू बोलतो, म्हणजे तो सज्जन. म्हणजे राक्षस कोण, ज्याला कुठला चमचा कधी हे कळत नाही तो? हे मला थोडं वरच्या वर्गाचं नाक मुरडणं वाटलं. थॅचरवर टीका म्हणता, पण नव्याने पैसा आलेल्या माणसाला 'गावंढळ' म्हणणं ही काय बंडखोरी झाली?

जुनं_रीळ

@ठसका हे मात्र मला कधी सुचलं नव्हतं, आणि उत्तर पटकन सापडत नाहीये. एवढंच म्हणतो की वाचणारा, सभ्य मायकेलही शेवटी त्याच पुस्तकांनी मरतो, आणि जॉर्जिनाला सोडवायला त्या सगळ्या पुस्तकांचा काडीचा उपयोग होत नाही. उपयोगी पडतो तो आचारी, हाताने काम करणारा. पण तुमचा मुद्दा याने खोडला जात नाही, मान्य.

अनुस्वार

ठसकाताईंचं वाचून मग जरा वेगळ्या वाटेने जातो, कंटाळा आला तर सोडून द्या.

आपल्याकडे या सिनेमासाठी तयार शब्द आहे, बीभत्स. शिवी म्हणून नाही हां, रस म्हणून. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ रसांमध्ये तो आहे, स्थायी भाव (म्हणजे मुळातली भावना) जुगुप्सा, किळस. आणि गंमत म्हणजे भरताने प्रत्येक रसाला रंग दिलाय. रौद्राचा लाल. बीभत्साचा निळा. आता सिनेमा आठवा. अल्बर्ट जिथे आरडाओरडा करतो, लोकांच्या कानशिलात मारतो तो हॉल लाल. कुत्र्याची घाण फासतात आणि सडक्या मांसाच्या गाड्या उभ्या असतात ते पार्किंग निळं! मी वहीत लिहून ठेवलं आणि पाच मिनिटं खोलीत येरझाऱ्या घातल्या.

मग अर्थातच पुढे जुळेना. पांढरा हा हास्याचा, आणि ग्रीनवेच्या पांढऱ्या टॉयलेटमध्ये चाललाय शृंगार, ज्याचा रंग भरत श्याम सांगतो. हिरव्याचा तर पत्ताच नाही. म्हणजे ग्रीनवेने भरत वाचून सिनेमा केला असं माझं अजिबात म्हणणं नाही, योगायोग आहे. पण दोन रंग तरी जुळले याचा आनंद मला घेऊ द्या.

त्याहून महत्त्वाचं हे की 'रस' हा शब्दच मुळी जेवणातला. भरत समजावतो तेच असं की नाना पदार्थ, मसाले एकत्र आले की चव तयार होते, तसं भावांचं होतं, आणि चांगला खाणारा जसा आस्वाद घेतो तसा प्रेक्षक घेतो. त्याचा नंतरचा टीकाकार अभिनवगुप्त तर रसाच्या अनुभवाला 'चर्वणा' म्हणतो. चघळणं! आता निमूटताई, तुम्ही विचारताय 'मला फसवलं की पकडलं'. तुम्ही दोन दिवस जे करताय ना, तो सीन आठवून परत परत, ती चर्वणा आहे. आणि ज्या सिनेमात शेवटी एका माणसाला आपण केलेलंच खायला लावतात, तिथे प्रेक्षकालाही चघळायला लावणं हे मला तरी चोख वाटतं.

आता उलटी बाजूही सांगतो, नाहीतर खडूसराव येतीलच. धनंजयाच्या दशरूपकात (नाटकावरचाच जुना संस्कृत ग्रंथ) रंगभूमीवर प्रत्यक्ष काय दाखवू नये याची यादी आहे. त्यात वध आहे, भोजन आहे, स्नान आहे, सुरत म्हणजे संभोग आहे, कपडे घालणंसुद्धा आहे. ग्रीनवेने ही यादी समोर ठेवून एकेकावर टिक केल्यासारखा सिनेमा काढलाय. स्नानही सोडलेलं नाही, त्या मांसाच्या गाडीतून आल्यावर त्या दोघांना पाण्याचा पाइप मारून धुतात! म्हणजे आपल्या जुन्या मंडळींना रस हवा होता, पण ताटातलं थेट तोंडात कोंबलेलं नको होतं. काही गोष्टी पडद्याआड घडल्या तरच चव लागते असं त्यांचं म्हणणं असावं. मी अजून ठरवू शकलेलो नाही की माझा कौल कुणाला.

खडूस_नं_१

आलोच. भरतमुनींना मध्ये घेतलं की वाद संपला असं नसतं. बीभत्स रस हा अख्ख्या नाटकात मिठाएवढा असावा, इथे ताटभर मीठ आहे. आणि ती दशरूपकाची यादी, माझ्या बाजूने बोलल्याबद्दल आभार. एक हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला जे कळलं ते १९८९ ला कळू नये?

दिवाबत्ती

यादीवरून आठवलं. 'गिधाडे'चा तो किस्सा नाटकवाल्यांत सांगतात ना, सेन्सॉरने साडीवरच्या रक्ताच्या लाल डागाला हरकत घेतली म्हणून डाग निळा केला, आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगायचे की हा निळा डाग कृपया लाल समजावा. मला नेहमी वाटतं की तो निळा डाग लालपेक्षा जास्त भयंकर दिसत असेल, कारण लाल प्रत्येकाला आपापला बनवावा लागला.

म्हणजे खडूसराव, झाकल्याने ताकद वाढते हे तुमचं बरोबरच आहे, फक्त झाकायचं कोणी ते ठरवायला नको कोणी दुसऱ्याने.

अनुस्वार

@दिवाबत्ती निळा = बीभत्स! सेन्सॉरने नकळत भरताला पास केलं.

पॉपकॉर्न_खाऊ

बघितला. तुम्ही लोक उगाच बाऊ करताय, एवढं काही नाही. दीड तासाचा सिनेमा, थोडं विचित्र आहे, डम्बलडोर भारी काम करतो, इतका घाणेरडा माणूस असून त्याच्यावरून नजर हटत नाही. पण मधे मधे उड्या मारल्यासारखं वाटलं, काही गोष्टी कशा झाल्या कळल्याच नाहीत.

जुनं_रीळ

दीड तास? पोरा, सिनेमा दोन तास चार मिनिटांचा आहे. तू कापलेला बघितलास! अमेरिकेत व्हिडिओसाठी एक सौम्य केलेली आवृत्ती निघाली होती, तीच कुठूनतरी फिरत आली असणार. तिथे मुळात याला एक्स रेटिंग मिळालं होतं, आणि एक्स म्हणजे लोकांच्या डोक्यात अश्लील फिल्म, म्हणून वितरकांनी १९९० मध्ये तो रेटिंगशिवायच लावला. त्याच वर्षी मग मोठ्यांच्या गंभीर सिनेमांसाठी एनसी-१७ हा वेगळा वर्ग केला, त्यामागे जी काही दोन-चार प्रकरणं होती त्यातलं हे एक.

पॉपकॉर्न_खाऊ

म्हणजे अर्धा तास वाचलो???

ठसका

वाचलास म्हणतोयस ते बरोबर की हुकलास ते बरोबर, हाच तर धागा आहे.

दोन_घडीचा_डाव

मला एक सांगा, शेवट खरंच तसाच आहे? मी पुढे बघणार नाहीये पण डोक्यात अडकलंय.

निमूट

@दोन_घडीचा_डाव हो. भलंमोठं ताट, वर झाकलेलं कापड, अल्बर्टने ज्यांना ज्यांना त्रास दिला ते सगळे मिरवणुकीसारखे ते ताट घेऊन येतात. नायमनचं 'मेमोरियल' वाजत असतं, हळूहळू चढत जाणारं, एक पाऊल टाकलं की एक ठोका असं. १९८५ मध्ये हेझेल स्टेडियममध्ये फुटबॉल मॅचच्या वेळी ३९ माणसं चेंगरून गेली, त्यांच्यासाठी त्याने ती रचना केली होती. हे मला नंतर कळलं आणि अंगावर काटा आला, कारण ऐकताना सूड वाटतच नाही, कुणाच्या तरी अंत्ययात्रेत चालल्यासारखं वाटतं.

जॉर्जिना त्या वेळी काळ्या कपड्यात आहे, आणि लाल खोलीत तिचा रंग आता बदलत नाही. आधी एकदा आचारी तिला सांगतो की मेन्यूवर काळ्या पदार्थांचे तो सगळ्यात जास्त पैसे लावतो, कारण काळं खाणं म्हणजे मरण खाणं, लोकांना त्याचं आकर्षण असतं. तेव्हा ते वाक्य नुसतं चटकदार वाटलं होतं. शेवटी ती काळ्यात येऊन उभी राहिली तेव्हा ते वाक्य परत आलं. पिस्तूल रोखून ती अल्बर्टला एक घास खायला लावते, आणि मग गोळी. नंतर एकच शब्द. पडदा पडतो.

आणि मला त्या वेळी, खोटं नाही बोलत, हायसं वाटलं. टाळी वाजवावीशी वाटली. मग लगेच वाटलं की टाळी वाजवणारी मी आणि त्या टेबलाभोवती खी खी करणारे ते, फरक किती?

खडूस_नं_१

हे आता प्रामाणिक बोललात. माझा राग याच गोष्टीचा आहे. तो आपल्याला त्यांच्या रांगेत बसवतो आणि वर 'बघा तुम्ही कसे आहात' म्हणतो. मी तिकीट काढून आलोय, मला कशाला आरोपी करताय?

(आणि हो, शेवटी मलाही हायसं वाटलं होतं. सांगायचं नव्हतं.)

ठसका

खडूसराव कबूल!!! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

अनुस्वार

अजून एक बारीक गोष्ट, कोणी लक्षात आणून दिली नाही म्हणून. मायकेल आणि जॉर्जिनाची भेट आधी बिनशब्दांची असते आणि मग अल्बर्टच त्यांची ओळख करून देतो. तेव्हा मायकेल एका सिनेमाबद्दल सांगतो, ज्यात मुख्य पात्र पहिला अर्धा तास बोलतच नव्हतं, आणि तोवर त्याला वाटत होतं की काहीही होऊ शकतं, मग ते पात्र बोललं आणि सगळं बिघडलं. म्हणजे ग्रीनवे स्वतःच सांगून ठेवतो की मी आता बिघडवणार. माणूस बेरकी आहे.

दोन_घडीचा_डाव

आभार निमूट. आता झोप लागेल असं नाही, पण निदान माहीत तरी झालं.

निमूट

सगळ्यांचे आभार, एवढं बोलाल असं वाटलं नव्हतं. @दिवाबत्ती, तो काळा पट्टा सापडला, आता मला दुसरं काही दिसेनासं झालंय, याचं पाप तुमच्या माथी.

एक सांगायचं राहिलं. नवरा आतल्या खोलीत आडवा झाला होता ना, त्याला झोप लागलेली नव्हती. दार उघडं होतं आणि मी आवाज बारीक ठेवला होता, तरी पपचं गाणं त्याच्यापर्यंत पोचलं. लॅटिनमधलं 'मिसरेरे', देवा दया कर, माझे डाग धू, असं काहीसं आहे ते. सकाळी चहा घेताना म्हणाला, "रात्री तू नंतर ते घाणेरडं बंद करून काहीतरी छान लावलंस ना? कुठलं तरी पोरगं गात होतं. काय आवाज होता! मला पाठव ना ते."

मी नुसतं गाणं शोधून पाठवलं. गाडीत जाता-येता तेच ऐकतोय दोन दिवस. ते कुठल्या सिनेमातलं आहे हे त्याने अजून विचारलेलं नाही, आणि मीही सांगितलेलं नाही.